पुन्हा वाच

आमच्या भागात लिहिणारे पुष्कळ. ऐकून घेणारा मिळायला नशीब लागतं. मला तो मिळाला होता. शिरूर कासारला शाळामास्तर होता आणि स्वतः कथा लिहायचा. रविवारी एसटीनं माजलगावला यायचा, माझ्या कापडदुकानाच्या पोटमाळ्यावर ताग्यांना टेकून बसायचा आणि डोळे मिटून मी लिहिलेलं ऐकायचा. 'छान' किंवा 'वा' त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. एखादं वाक्य मनाला लागलं की तेवढंच म्हणायचा, "पुन्हा वाच." त्या दोन शब्दांसाठी मी आठवडाभर लिहायचो, खोटं कशाला बोलू.

पुढे गावात रेडिमेड कपड्यांची दुकानं आली आणि कापड फाडून नेणारं गिऱ्हाईक आटलं. रिकाम्या दुपारी गल्ल्यावर बसून मी कादंबरी लिहिली, आमच्यासारख्याच एका दुकानाची. ती मात्र त्याला तुकड्यातुकड्यानं ऐकवली नाही. म्हटलं, पुस्तक झालं की एका बैठकीत ऐकवू.

पुस्तक आल्यावर पहिली प्रत घेऊन मी शिरूरला गेलो. ऊसतोडीचा हंगाम होता, त्याच्या वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर कारखान्यांकडे गेलेली. त्यानं पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि मला परत दिलं. त्या वर्षीच्या कादंबरी पुरस्कारासाठी तिघा लेखकांची समिती नेमली होती, त्यात तो होता. आणि माझ्या प्रकाशकानं पुस्तक तिथं पाठवून दिलेलं.

"आता न्हाई वाचत बे," तो म्हणाला. "वाचली तर बोलल्याबिगर ऱ्हाणार न्हाई. बाकीचे दोघंबी लिहिणारेच हायेत, त्यांना ठरवू दे."

मला राग आला. पुस्तक काढूनच घेतो म्हणालो, तर त्यानं उलट मलाच दम दिला. निकाल लागेपर्यंत त्याचं रविवारचं येणंही बंद झालं. असलं कसलं सोवळं, असं मी बायकोपाशी चिडून म्हणायचो आणि रविवारी एसटीच्या वेळेला दारात जाऊन उभा राहायचो. समितीच्या बैठकीत माझ्या पुस्तकाचा विषय निघाला तेव्हा तो उठून व्हरांड्यात जाऊन उभा राहिला, हे मागाहून कळलं.

पुरस्कार मला मिळाला. समारंभात कादंबरीतलं एक पान वाचायला सांगितलं. तो मंचावर माझ्या मागेच बसला होता. त्या पानावर एक वाक्य होतं. तिथं तो हमखास अडवणार, असं मला लिहितानाच वाटलं होतं. तिथं मी थांबलो. लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं तर तो मान खाली घालून बसलेला.

रात्री बसस्टँडवर म्हणाला, "मे म्हैन्यात येतो. सुट्टी लागली की माळ्यावर बसू. पयल्या पानापासून तूच वाच, लई दिवस झाले."

एप्रिलमध्ये तो गेला. झोपेतच गेला म्हणे.

आता माझंही दुकान रेडिमेडचं झालंय, पोटमाळ्यावर खोकी रचलेली असतात. कादंबरीबद्दल लोक भेटून चांगलं बोलतात. बरं वाटतं, पण मन भरत नाही. कार्यक्रमात बहुतेक तेच पान वाचायला सांगतात. त्या वाक्याशी मी अजून थांबतो. कुणी काही म्हणत नाही. मग ते वाक्य मीच पुन्हा वाचतो.