एका घरापायी पाच घरं

धीरजभाई पाटलांना एक घर हवं होतं. बँकेने त्यांच्या गळ्यात पाच मारली.

"साहेब, मला फक्त कोपऱ्यातलं द्या," ते बँकेच्या वसुली अधिकाऱ्याला, भूपेंद्र साहेबांना, हात जोडून सांगत होते. "बाकीची चार कुणाला द्यायची त्याला द्या. मला त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

"लॉट आहे, पाटील. पाचही एकदम. सुटं विकत नाही आम्ही."

"अहो, मी केळीचा धंदा केला उभा जन्म. गिऱ्हाईक म्हणालं एक फणी दे, तर घडातून फणी कापून देतो आम्ही. तुमच्याकडे काय विळा नाही?"

साहेब हसले, पण विळा काही निघाला नाही. शहाद्याच्या गोमाई कॉलनीतली ती पाच घरं एका रांगेत, एकाच माणसाने बांधलेली. भाग्येश त्याचं नाव. पाचही एकाच कर्जात गहाण टाकली, हप्ते थकवले आणि एके दिवशी फोन बंद करून गायब झाला. बँकेने घरं जप्त करून लिलावाला काढली, तीही एकगठ्ठा. घ्यायची तर सगळी घ्या, नाहीतर रामराम.

धीरजभाई मुळात उतावीळ माणूस. चहा गार व्हायची वाट न बघता घशात ओतणार आणि मग जीभ भाजली म्हणून सगळ्या घरावर ओरडणार. तापीकाठच्या त्यांच्या गावात ते आले की कट्ट्यावरची माणसं आधीच सरकून जागा करतात, कारण उभं राहिलं की ते जास्त बोलतात. पण या खेपेचा उतावळेपणा वेगळा होता. थोरली मयूरी लग्न करून कॅनडाला गेली ती फोनच्या काचेतच दिसायची. धाकटी जागृती फिजिओथेरपी शिकून आली. आता तिला सूरतच्या मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलेलं, आणि बापाचा जीव खालीवर.

"तू इथंच दवाखाना टाक," ते म्हणाले.

"टाकते," जागृती म्हणाली. "शहाद्यात रस्त्यालगत, बिनपायरीची जागा बघून द्या. गुडघे धरून येणारा माणूस पायऱ्या चढून कसा येईल? राखीपौर्णिमेपर्यंत सूरतवाले थांबतील. तोवर मिळाली तर थांबते, नाहीतर त्यांना हो कळवते."

झालं! धीरजभाईंनी अख्खं शहादा पालथं घातलं. रस्त्यालगत जागा तर तिथे मेडिकलवाला बसलेला. भाड्याने मिळते तर वरच्या मजल्यावर. शेवटी सापडलं ते हे कोपऱ्यातलं घर. जमिनीला लागून दार, समोर डांबरी रस्ता, रिक्षा थेट उंबऱ्याशी. बाकीच्या चारांची तोंडं मागच्या बोळात आणि नदीच्या पाण्याच्या भीतीने जोती उंच. म्हणजे नको होती ती चार, आणि हवं होतं ते एक. तरी पाचही घेतली. गावाकडचा एक तुकडा विकून घेतली. मोहिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या दिवशी कपाळावर हात मारला. "लेकीला दवाखाना पाहिजे होता, तुम्ही कॉलनी घेऊन आले!"

आणि मग सुरू झाला तो छळ. शत्रूवरसुद्धा येऊ नये असा.

पैसे भरले, कागद हातात आला, धीरजभाई कुलूप घेऊन निघाले. भूपेंद्र साहेब म्हणाले, "थांबा, बँकेकडे सध्या सांकेतिक ताबा आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आम्ही दारावर नोटीस चिकटवली आहे."

"अन् घरात?"

"घरात अजून माणसं आहेत."

"धन्य आहे तुमची!" धीरजभाई उभे राहिले, म्हणजे आता बोलणार. "मी केळी विकून गिऱ्हाइकाला नुसती साल दाखवली तर तो मला बडवून काढील. तुम्ही नोटीस विकली मला!"

पहिल्या घराचा उतारा काढला, तर सरकारी कागदावर तिथे अजून कापूस उभा. घर दिसतंय, भिंत दिसतेय, पण दप्तरात शेत. तलाठी म्हणाला, आधी बिनशेतीची नोंद आणा. दुसऱ्या घराचं मीटर वीजवाल्यांनी कापून नेलेलं, आणि आधीच्याची थकबाकी आता तुम्हीच भरा म्हणे. मी कशाला भरू? मी त्याच्या पंख्याखाली झोपलो होतो? तिसऱ्याचं दार उघडलं तर छतापर्यंत वाळलेल्या लाल मिरच्या. एका व्यापाऱ्याने भाग्येशला आगाऊ भाडं देऊन पोती रचलेली. साहेब, तलाठी, धीरजभाई, सगळे रस्त्यावर येऊन शिंकत बसले आणि पंचनामा तसाच राहिला. चौथं घर बरं होतं, पण त्याची पाण्याची टाकी पाचव्याच्या गच्चीवर. आणि पाचव्यात, ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, त्यात भाग्येशची आई राहत होती. गजराबाई. सत्तरीच्या पुढची, एकटी.

खरा ताबा मिळवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम पाहिजे. धीरजभाईंनी नंदुरबारला चपला झिजवल्या. साहेब मीटिंगला आहेत, साहेब धडगावला दौऱ्यावर आहेत, फाईल वर गेली, फाईल खाली आली. एकदा तर फाईल कुठेच नव्हती. घरी आले की मोहिनीबाई विचारायच्या, "काय झालं?" आणि ते म्हणायचे, "काही नाही झालं, तेच तर झालं!" इकडे श्रावण लागला. जागृती येता-जाता कॅलेंडरवरची पौर्णिमा बघायची. ते बघणंच त्यांना टोचत होतं.

शेवटी हुकूम निघाला, पोलीस मिळाले, तारीख मिळाली. आणि तारीख कोणती? नागपंचमीनंतरचा सोमवार!

आता खानदेशात हा सोमवार म्हणजे काय, ते बाहेरून बदलून आलेल्या भूपेंद्र साहेबांना ठाऊक असायचं कारण नाही. आदल्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ, लुगडं, दागिने घालून चौरंगावर मांडतात, रात्र जागवतात, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. आणि तिचा प्रसाद म्हणजे रोट. भाऊबंदकीत माणसं किती, त्या मापाने कणीक मोजून रोट करायचा. तो भाऊबंदांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच नाही.

"कानबाईच्या दिवशी कुणाचं घर रिकामं करायला जातो का माणूस?" मोहिनीबाई कडाडल्या. "घरची कानबाई नदीवर निघाली, अन् तुम्ही पोलीस घेऊन निघाले!"

"मी काय हौसेने चाललोय? ही तारीख गेली तर पुढची कधी? पौर्णिमेला किती राहिलंय? पोरगी जाईल ना!"

एवढं बोलून ते निघाले. घरातली गाणी मागे ऐकू येत होती, पण थांबले नाहीत.

गोमाई कॉलनीत पोचेपर्यंत दुपार झाली. तहसीलची माणसंसुद्धा आपापली कानबाई पोचवून डोळे चोळत आली होती. मागची चार घरं भराभर उरकली. मिरचीवाल्याने पोती हलवली होती, फक्त ठसका ठेवून गेला होता. मग सगळे कोपऱ्यावर आले.

गजराबाई दारातच बसल्या होत्या. शेजारी एक पेटी आणि एक गाठोडं. रडणं नाही, शिव्या नाहीत, काही नाही. धीरजभाईंनी तोंडाशी आणलेलं सगळं भांडण त्यांना गिळावं लागलं.

"मावशी, निघायचं ना?" त्यांनी विचारलं.

"जास ना, शेठ. मी नही म्हनत शे का?" म्हातारी म्हणाली. "पन रोट सरू दे. घरमा रोट ठेवीसन कशी जाऊ?"

धीरजभाईंनी आत डोकावलं. ताटात, परातीत, टोपलीत रोटाच्या पोळ्यांची चळत. गंगाफळाची भाजी, खीर. निदान पंधरा-वीस माणसांचं जेवण.

"एवढं कशाला केलं?"

"भाऊबंदना मापनं कराना पडस. कोनी ऊनं नही."

भाग्येशने भाऊबंदांनाही कर्जाला जामीन राहायला लावलं होतं. ते कशाला येतात? बाईने एकटीने कानबाई मांडली, एकटीने जागवली, सकाळी शेजारणीच्या हाताने नदीवर पोचवली. आणि आता एकटीच रोट खात होती. एक घास मोडायची, चावायची, पाणी प्यायची, पुन्हा एक घास.

भूपेंद्र साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आजी, डब्यात भरून घ्या आणि चला."

"डबामा नही चालत, साहेब."

"मग शेजारी वाटून टाका."

तहसीलच्या शिपायाने साहेबांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. साहेब म्हणाले, "असं कसं?" शिपाई म्हणाला, "असंच असतं, साहेब." हवालदार तर टोपी काढून ओट्यावर बसूनच गेला. जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम, पोलीस, पंच, सगळं सरकार एका म्हातारीच्या घासाकडे बघत ताटकळलं. आणि म्हातारीला दात किती? मोजून चार!

धीरजभाईंचं टाळकं सरकलं. पौर्णिमा तोंडावर आलेली, साहेब म्हणतायत पाचला निघणार, पंच उठायला लागलेले. ही बाई परवापर्यंत खात बसेल! त्यांनी चपला भिरकावल्या, आत गेले, फतकल मारून बसले.

"आण इकडे! मी खातो. संपव एकदाचं!"

गजराबाईंचा हात थांबला. त्यांनी एकदा धीरजभाईंकडे नीट बघितलं. मग पान वाढलं, वर तूप सोडलं.

सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. धीरजभाई रागाने खात होते, पण खात होते. रोट खरपूस झाला होता. दुसरी पोळी संपली, तिसरी संपली. चौथ्या पोळीला त्यांच्या लक्षात आलं, की बाहेरची सगळी कुजबुज बंद झालीय. शिपाई, हवालदार, पंच, सगळे इथलेच. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आणि घास त्यांच्या तोंडातच राहिला.

अरे देवा! काय करून बसलो?

म्हातारीने लबाडी केली म्हणावी, तर तिने बोलावलंही नव्हतं. चपला काढून आपणच आलो, आपणच मागून घेतलं. कुणाला दोष द्यायचा? केळीच्या धंद्यात भल्याभल्यांना पाणी पाजणारा माणूस, आणि रोट खाऊन म्हातारीचा भाऊबंद होऊन बसला घाईघाईत!

"तू रोट खादा," गजराबाई हळूच म्हणाल्या. आता 'शेठ' म्हणणं नव्हतं. "बरं व्हयनं. कोनी तरी खादा." त्यांनी उरलेल्या पोळ्यांवर फडकं घातलं, उठल्या, गाठोडं काखेला मारलं. "घर तुन्हं शे. उरेल तू संपाडी टाक. आते निंघस मी."

"कुठे निघालीस?" धीरजभाई ओरडले.

"दखसू."

"बघते म्हणजे? ठेव ते गाठोडं खाली! ठेव म्हणतो ना!"

भूपेंद्र साहेब कागद घेऊन पुढे आले. "पाटील, सही करा. पाचही घरांचा मोकळा ताबा मिळाला."

"चारांचा लिहा."

"काय?"

"चार लिहा, साहेब! ही इथेच राहणार. माझ्या भाऊबंदाला मी रस्त्यावर काढू? गावात तोंड दाखवायचंय मला."

"अहो, पण याच एका घरासाठी तुम्ही माझं डोकं खाल्लं ना इतके महिने?"

"खाल्लं! आता रोटही खाल्ला. जा तुम्ही!"

साहेबांनी हात टेकले. माणसं पांगली. धीरजभाई ओट्यावर आले आणि फोन हातात धरून बसून राहिले. पोरीला काय सांगायचं? लावला शेवटी.

"जागू, कोपऱ्यातलं घर नाही मिळालं. म्हणजे मिळालं, पण नाही." सगळी हकिगत त्यांनी अडखळत सांगितली. "पण तू घाबरू नको. मागचं एक घर घेऊ, पायऱ्या फोडून उतार करतो, बोळातून रस्ता काढतो. महिन्याभरात करून देतो. माझा शब्द."

"राहू द्या, पप्पा," जागृती म्हणाली. "बरं केलं तुम्ही. त्या आजींना राहू द्या. मग मी सूरतला हो कळवू ना?"

आवाजात दुःख नव्हतं. धीरजभाईंनी कान देऊन ऐकलं. सुटका होती. बरेच महिने दाबून धरलेला, तरुण, लख्ख आनंद होता. तिला जायचंच होतं, पहिल्यापासून. बापाचं मन मोडवेना म्हणून अशी जागा मागितली, जी मिळणार नाही. आणि बाप मूर्खासारखा पाच घरं घेऊन आला.

"कळव," ते म्हणाले. "कळव, बाळा."

फोन बंद झाला. गजराबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"पोर काय म्हनस?"

"सूरतला चालली. खूश आहे."

म्हातारीने पदराने तांब्याचा काठ पुसला.

"मन्हा पोऱ्या बी असाच हासतच गया व्हता," ती म्हणाली, आणि तांब्या त्यांच्याकडे सरकवला.