लाल पेटी रिकामी होती

त्या दुपारी दिल्लीजवळच्या मानेसरच्या प्लांटमध्ये लाडू वाटत होते आणि मी मात्र घाबरले होते.

लाडवांचं कारण भिंतीवरच्या बोर्डावर खडूने लिहिलं होतं : रिजेक्शन शून्य. प्लांट हेड भाटिया साहेब स्वतः खोका घेऊन फिरत होते. "लीजिए मॅडम, आपके कॅमेरे की भी मेहनत है." मी लाडू हातात धरून उभी. लाइनच्या टोकाला लाल रंगाची लोखंडी पेटी असते, खराब पीस तिच्यात पडतात. मी वाकून पाहिलं. तळाला धूळ, बाकी काही नाही.

लाइनवरचे ऑपरेटर रामपालजी माझ्याजवळ सरकले. रेवाडीचे, रिटायरमेंटला आलेले. सकाळी फोन करून त्यांनीच मला बोलावलं होतं. लाडू त्यांनी घेतला नव्हता. हळूच म्हणाले, "मॅडमजी, लोहा इतना शरीफ नहीं होता."

आता आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, रिकाम्या पेटीला काय घाबरायचं! कारखान्यात माल तपासणारे कॅमेरे असतात, त्यांच्यामागचे कॉम्प्युटर मी बसवते आणि सांभाळते. मूळची चिंचवडची. नवरा सरकारी नोकरीत, म्हणून दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार. आमची कंपनी छोटी. मालकीण प्रधान मॅडम नोएडाच्या ऑफिसात बसतात, उन्हात मी फिरते.

ही लाइन ब्रेक आर्मची. स्कूटरच्या मागच्या चाकाशी बोटाएवढा लोखंडी तुकडा असतो. ब्रेक दाबला की केबल त्याला ओढते आणि चाक थांबतं. त्याला बारीक चीर असेल, तर एखाद्या दिवशी जोरात ब्रेक मारताना तो तुटतो. कुठल्या दिवशी, ते कोणी सांगू शकत नाही. आमचा कॅमेरा प्रत्येक तुकड्याचे फोटो काढतो, कॉम्प्युटर त्यात चीर शोधतो, सापडली की हवेचा एक फटका आणि तुकडा लाल पेटीत. दिवसाला सहा-सात तरी पडायचेच.

हिवाळ्यात त्यांनी लाइनचा वेग वाढवला. कॉम्प्युटर पुरा पडेना. नव्याची मंजुरी हेड ऑफिसात अडकली होती, म्हणून मी आहे त्यालाच ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे बनवणाऱ्याने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं. चालतं हे, पण मग तो तापतो. आणि फार तापला की स्वतःचा जीव वाचवायला आपणहून हळू होतो. बंद पडत नाही, फक्त हळू होतो. एवढं लक्षात ठेवा.

त्याला थंड ठेवायचे दोन मार्ग. हवेवर, म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर पातळ पत्र्यांचा मनोरा आणि त्याला पंखा. साधं, दणकट, आवाज मात्र फार. पण त्या शेडच्या हवेत तेल उडतं. आठवड्यात पत्र्यांवर चिकट थर बसतो, दर शनिवारी जाऊन साफ करायला हवा. दुसरा मार्ग पाण्याचा. प्रोसेसरवर तांब्याची चपटी डबी, आत केसासारख्या खाचा. पंप त्यातून पाणी फिरवतो, पाणी उष्णता घेऊन बाहेरच्या रेडिएटरकडे जातं. गाडीच्या इंजिनासारखंच. कॉम्प्युटर बंद कपाटात राहतो, तेल आत शिरत नाही.

रिपोर्टमध्ये मी आधी 'हवा' लिहिलं होतं. मग खोडून 'पाणी' केलं. प्रधान मॅडमना पाणी हवं होतं. "दिसायला भारी दिसतं गं वैशाली, कस्टमर खूश होतो." पण त्यांच्यावर खापर कशाला फोडू? दर शनिवारी मेट्रो, मग शेअर ऑटो, मग त्या शेडमध्ये घाम गाळत पत्रे झाडणं मलाच नको होतं. कंटाळा केला मी, दुसरं काय!

तर, त्या दुपारी मी लाडू टेबलावर ठेवला आणि कपाट उघडलं. पाण्याच्या नळीत एक छोटी भिंगरी बसवलेली असते, पाणी फिरतंय हे कळायला. एरवी ती दिसू नये इतकी जोरात फिरते. आज तिच्या पात्या मोजता येत होत्या. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान शंभराला टेकलेलं.

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं. आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी भाटिया साहेब विसरले होते. लाइन कधी थांबू नये म्हणून त्यांनीच आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून एक सोय करून घेतली होती : कॉम्प्युटरचं उत्तर वेळेत आलं नाही, तर तुकडा पास.

"रामपालजी, मास्टर द्या," मी मराठीतच बोलून गेले. त्यांना समजलं. मास्टर म्हणजे मुद्दाम जपून ठेवलेला, चीर असलेला तुकडा. रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना तो लाइनवर सोडायचा. लाल पेटीत पडला की कॅमेरा ठीक आहे असं समजायचं. त्या सकाळीही पडला होता. पण सकाळी शेड थंड असते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

रामपालजींनी मास्टर पट्ट्यावर ठेवला. तो कॅमेऱ्याखाली गेला. फ्लॅश उडाला. मी हवेच्या फटक्याची वाट पाहत होते. फटका आला नाही. तो तुकडा ऐटीत पुढे गेला आणि चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये जाऊन पडला.

रामपालजींनी तो उचलून घेतला.

"लाइन बंद कीजिए," मी भाटिया साहेबांना म्हणाले.

"क्या मॅडम, आज के दिन? कितनी देर?"

"पता नहीं."

त्यांनी लाडवांचा खोका खाली ठेवला. लाइन थांबली.

मी तांब्याची डबी उघडली. आत हिरवट, बुळबुळीत साय. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पाणी तसंच राहिलं की तळाला जमतं ना, अगदी तसंच. केसासारख्या खाचा त्याने बुजल्या होत्या. आणि ते पाहताक्षणी मला मे महिन्यातला एक लंच टाइम आठवला.

त्या दिवशी एक नळी बदलायची होती. बरंच पाणी सांडलं. अशा मशीनमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालतात, त्यात शेवाळ होऊ नये म्हणून औषधाचे थेंब. डिस्टिल्डची बाटली घरी राहिली होती. लाइन वीस मिनिटांत सुरू होणार होती. दोन पावलांवर कँटीनचं RO मशीन. मी स्वतःशी म्हटलं, RO चंच तर आहे, आपण रोज पितो! प्यायची बाटली तिथे भरली, अर्धी आपल्या मशीनमध्ये ओतली, उरलेली मी प्यायले. दिल्लीत राहून राहून RO म्हणजे गंगाजल असं डोक्यात बसलेलं असतं. पण पाण्याला चव यावी म्हणून त्या RO मशीनमध्ये थोडं बोअरवेलचं पाणीही मिसळतात, हे मला चांगलं माहीत होतं. औषधाचे थेंब पुढच्या वेळी घालू म्हटलं, आणि पुढच्या वेळी विसरले. रजिस्टरमध्ये मात्र लिहिलं : डिस्टिल्ड. खाली माझी सही.

तापमानाची नोंद कॉम्प्युटर ठेवत होता. ती मी उघडली. गेले अकरा दिवस, आधी फक्त दुपारी, मग सकाळी शेड जरा तापताच, पारा शंभरावर. त्याच दिवसांत लाल पेटीतले तुकडे आधी चार, मग दोन, मग शून्य. आम्ही सगळे मिळून त्याला सुधारणा म्हणत होतो. कोणता तुकडा तपासला आणि कोणता तसाच सोडला, याची नोंद कुठेच नव्हती. आणि अकरा दिवसांतला बहुतेक माल गेटबाहेर गेलेला, स्कूटरच्या कंपनीत.

मी बाहेर येऊन प्रधान मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "पंप गेला म्हणून सांग."

"मॅडम, पंप चांगला आहे."

"अगं, पंप कुणाचाही जातो. आज गेला, आजचा माल अडवा, संपलं. अकरा दिवसांचं काढलंस तर आपली कंपनी राहील का? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, वैशाली."

खोटं कशाला बोलू, मला तो सल्ला गोड वाटला. ती साय पुसायला एक फडकं पुरलं असतं. डबी उघडताना पाहणारं कोणी नव्हतं. माझं वय एकोणपन्नास, या वयात मला नवीन नोकरी कोण देणार? फोन ठेवून मी आत आले. फडकं हातात घेतलं सुद्धा.

रामपालजी रिकाम्या लाल पेटीशेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी साधाच प्रश्न विचारला. "मॅडमजी, आज का ही रोकना है, या पीछे का भी?"

मी काहीतरी उत्तर जुळवत होते. त्यांची नजर माझ्यावर होती, पण तिच्यात संशय नव्हता. मी जे सांगेन तेच ते करणार होते. तेच मला सहन होईना.

"पीछे का भी," मी म्हणाले. "ग्यारह दिन का."

भाटिया साहेबांच्या केबिनमध्ये मी उभ्यानेच सगळं बोलले. पाणी, औषध, खोटी नोंद. त्यांचा चेहरा पांढराफटक पडत गेला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आपको पता है, आपने क्या बोला है?" आणि फोन उचलला.

घरी जाताना हायवेवर शंभर स्कूटर दिसल्या असतील. प्रत्येकीच्या मागच्या चाकाकडे नजर जायची. घरी पोचल्यावर आधी सईच्या स्कूटरची किल्ली उचलून डाळीच्या डब्यात लपवली. सई माझी मुलगी, कॉलेजला स्कूटरने जाते.

"आई, यार, दोन वर्षं जुनी आहे माझी स्कूटर! तुझ्या त्या मालाशी तिचा काय संबंध?"

"नसेल. तू मेट्रोने जा."

"बिल्कुल पागल झाली आहेस तू."

झालेच होते. चार दिवस मला अन्न गेलं नाही. फोन वाजला की वाटायचं, कुठेतरी कोणीतरी पडलं. डोळा लागला की तो मास्टर तुकडा ऐटीत पुढे जाताना दिसायचा.

स्कूटर कंपनीने माल अडवला. ट्रेमधला परत आला. ज्या स्कूटरना तो लागला होता त्या यार्डात आणि शोरूममध्ये उभ्या होत्या, त्यांचे आर्म काढून आणले. रामपालजी आणि मी शेजारी शेजारी बसून एकेक तुकडा हाताने तपासला. त्याची पद्धत अशी : तुकड्याला लाल रंग लावायचा, थांबायचं, पुसून घ्यायचा, वरून पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ काढतो. पहिल्या दोन दिवसांत सात रेघा दिसल्या. प्रत्येक वेळी रामपालजी "राम राम" म्हणायचे.

चौथ्या दिवशी भाटिया साहेब एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. एकच स्कूटर विकली गेली होती. झज्जरकडच्या एका शाळेतल्या बाईंनी घेतली होती. मेकॅनिक घरी जाऊन आर्म बदलून आला होता. कंपनीने त्यांना कारण सांगितलं नव्हतं, नुसतं फ्री चेकअप म्हटलं होतं. बाई रोज लेकाला मागे बसवून शाळेत जायच्या. नव्या गाडीचं इतकं बघतात म्हणून खूश होऊन त्यांनी मेकॅनिकला चहा पाजला होता.

रामपालजींनी रंग लावला. आता दहा मिनिटं थांबायचं होतं. मी मनात म्हणत होते, देवा, हा एक चांगला निघू दे, बाकी माझं काय व्हायचं ते होऊ दे. त्यांनी रंग पुसला. पावडर फवारली.

आधी काहीच नव्हतं. मग केबल अडकते त्या भोकापासून एक लाल रेघ हळूहळू उमटली. जवळजवळ आरपार.

भाटिया साहेब खुर्चीत बसले. मी बाहेर गेले आणि कँटीनच्या भिंतीला टेकून रडले. त्याच RO मशीनशेजारी.

रिपोर्टमध्ये भाटिया साहेबांनी माझी चूक लिहिली, खोट्या नोंदीसकट. खाली हेही लिहिलं की ती मीच येऊन सांगितली. प्रधान मॅडमचं त्या प्लांटमधलं पुढचं नवीन काम गेलं, जुन्या लाइनची देखभाल तेवढी राहिली; महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला काढलं मात्र नाही. का, ते मी अजून विचारलेलं नाही.

आता तिथे हवेवरचा मनोरा आहे. कॉम्प्युटरचा वेग थोडा उतरवला, त्याबरोबर लाइनचाही. मास्टर दुपारी तीन वाजताही सोडतात. उत्तर वेळेत आलं नाही तर तुकडा लाल पेटीत जातो. दर शनिवारी मी मेट्रो आणि शेअर ऑटोने जाते आणि पत्रे झाडते. पंखा दळणाच्या गिरणीसारखा ओरडतो. परवा भाटिया साहेब म्हणाले, "मॅडम, ये शोर बहुत करता है. पानीवाला कितना शांत था." मी म्हटलं, "करने दीजिए. जिस दिन चुप होगा, उस दिन फोन कीजिए."

निघताना लाल पेटीत वाकून पाहिलं. पाच तुकडे होते. मग मी चहा घेतला.