आधी बहिणीला विचारा

नवं घर बघायला गेलं की लोक हॉलमध्ये उभे राहून 'उजेड छान आहे' म्हणतात. चौकशीकाकू आधी संडासात जात. फ्लश ओढत, टाकी किती वेळात भरते ते बघत, मग बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतून ते कुठल्या बाजूला वळतं ते कमरेवर हात ठेवून न्याहाळत. कुणाच्या वास्तुशांतीला गेल्या तरी त्यांना राहवत नसे. हात धुवायला म्हणून उठत आणि परत येऊन यजमानाला सांगत, "उतार उलटा आहे हो. पाणी दाराकडे येणार." यजमानाचं तोंड श्रीखंड खाताखाता कडू होई. पाणी मात्र दाराकडेच येई.

त्यांचं खरं नाव आमच्या बिल्डिंगमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. इंदिरानगरात आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो आणि काकू तळमजल्यावर, त्याही भाड्यानंच. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. तीसेक वर्षं त्यांनी एका वकिलाकडे काम केलं. काम म्हणजे कुठली जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, हे सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या वह्या चाळून शोधून आणायचं. निवृत्त झाल्या तरी खोड गेली नाही. ओळखीत कुणी घर घ्यायला निघालं की काकूंना बरोबर न्यायचं, असं ठरूनच गेलं होतं. बिल्डरच्या ऑफिसातली पोरं त्यांना लांबून बघूनच एकमेकांना खुणा करत.

"विकणाऱ्याला काय विचारायचं? तिथं राबणाऱ्याला विचारावं," हे त्यांचं पहिलं सूत्र. आम्ही फ्लॅट बघायला लागलो तेव्हा त्यांनी आम्हाला मे महिन्यात, भर दुपारी बाहेर काढलं. सेल्समन माहितीपत्रक उलगडत राहिला आणि काकू खाली इस्त्रीवाल्याच्या टपरीवर जाऊन बसल्या. दिवसाला टँकर किती येतात, लिफ्ट महिन्यातून किती वेळा बंद पडते, पावसाळ्यात गाड्या पाण्यात बुडतात का, हे सगळं त्या अर्ध्या तासात त्याच्याकडून आणि तिथं टेकलेल्या कामवाल्या बाईकडून घेऊन आल्या. "मालक खोटं बोलेल, पण रोज चार मजले चढून धुणंभांडं करणारी बाई कशाला खोटं बोलेल?" त्या म्हणाल्या. असे तीन फ्लॅट त्यांनी टपरीवरूनच नापास केले.

चौथ्या ठिकाणी नमुना म्हणून सजवलेलं घर होतं. माझी बायको शुभांगी तिथल्या बेडरूमवर अगदी भाळली. काकूंनी तिला आमच्या घरच्या पलंगाचं आणि कपाटाचं माप घ्यायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला विकायच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये नेलं. पिशवीतून खडू काढून जमिनीवर मापानं पलंग आखला, कपाट आखलं. "हं, आता दार उघड." दार खडूच्या पलंगात शिरलं. "नमुन्याचा पलंग आखूड असतो, बाई. त्यावर कुणाला झोपायचं नसतं." शुभांगी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलली नाही.

शेवटी पाथर्डी फाट्याच्या पुढे एक फ्लॅट सगळ्या परीक्षा पास झाला. पाणी, उतार, दार, इस्त्रीवाला, सगळं ठीक. तीन खोल्या आणि गॅलरीतून लांबवर दिसणारे डोंगर. आमचं दोघांचंही ठरलं. काकू म्हणाल्या, "आता कागद." आठवडाभर त्यांनी कचेऱ्यांत खेटे घातले आणि एक दिवस बिल्डरच्या ऑफिसात चष्मा वर करून विचारलं, "मूळ मालक वारल्यावर जमिनीला त्याच्या पोरांची तीन नावं लागली. दोन भाऊ, एक बहीण. तुम्हाला जमीन देताना सह्या दोनच. बहिणीची सही कुठंय?"

"ती कळवणला दिलीय हो, काकू. तिचं काही नसतं," ऑफिसातला माणूस हसत म्हणाला.

"मुलगी कळवणला दिली, ते कळलं. तिचा हिस्सा कुणाला दिला, तो कागद दाखवा."

कागद नव्हता. घरी येताना माझं डोकं फिरलं होतं. "काकू, बँकेनं कर्ज मंजूर केलंय. त्यांचे वकील काय मूर्ख आहेत?"

"बँकेला तिथं राहायचं नाहीये. तुला राहायचंय."

रविवारी त्यांनी मला एसटीत घातलं आणि कळवणला नेलं. पत्ता विचारत विचारत त्या बाईंच्या अंगणात पोचलो. पन्नाशीच्या बाई, कांदे निवडत बसल्या होत्या. आम्ही कोण, कशाला आलो, ते काकूंनी सरळ सांगितलं. बाईंचे हात थांबले. "भाऊ राखीले येतस," त्या म्हणाल्या. "जमीनना कागद माले कोणीच दखाडा नही." काकूंनी त्यांना एवढंच सांगितलं, की सही द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण कुणी कागद आणला तर वाचल्याशिवाय हात लावू नका, आणि अडलं तर मला फोन करा. मग चहा घेऊन आम्ही निघालो.

परतीच्या बसनं वणी मागं टाकलं. मग काकूंनी जे सांगितलं ते आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्याच भाऊबीजेला त्यांचे दोघे भाऊ निफाडकडून आले होते. साडी आणली होती. जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद काढला. "मी सही केली. न वाचता. आणि मी कोण, तर दिवसभर लोकांचे कागद वाचणारी."

"का नाही वाचलात?"

"ज्याला आत्ताच ओवाळलं त्याच्यासमोर कागद वाचायला कसं बसायचं, सांग? साडी चांगली होती. जबरदस्तीही कुणी केली नाही. फक्त विचारलं नाही."

मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मालेगावचा वडिलांचा प्लॉट विकून तू पहिला हप्ता भरणार आहेस ना? तुझ्या बहिणीची सही झाली?"

"हक्क सोडल्याचा कागद तयार आहे. म्हटलं भाऊबीजेला जाईन तेव्हा—" मी म्हणालो आणि मला माझंच वाक्य ऐकू आलं.

तो फ्लॅट आम्ही सोडला. भाऊबीजेची वाट न बघता एका साध्या बुधवारी मी मालेगावला गेलो आणि नंदाला, माझ्या धाकट्या बहिणीला, तो कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मनातून वाटत होतं, ती म्हणेल, 'जाऊ दे रे दादा, मला काय करायचंय?' तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दादा, तू नुसती सही मागितली असतीस तर दिली असती," ती म्हणाली. "पण विचारतोयस म्हणून सांगते. मला माझा हिस्सा हवाय."

खोटं कशाला सांगू, मला राग आला. चांदवडचा घाट ओलांडेपर्यंत तो टिकला. मग लाजच वाटली. कागद वाचून दाखवल्याबद्दल मी स्वतःचंच मोठं कौतुक करत होतो आणि उत्तर मात्र मला माझ्या सोयीचंच हवं होतं.

आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं. सामान लावून झाल्यावर मी काकूंना म्हणालो, "एक खोली कमी पडली, काकू."

"कमी कुठं पडली? ती नंदाचीच होती," त्या म्हणाल्या आणि गॅलरीचे कठडे हलवून बघायला गेल्या.

गेल्या हिवाळ्यात काकू त्याच भाड्याच्या घरात वारल्या. दहाव्याला रामकुंडावर त्यांचे दोघे भाऊ आले होते, दोघेही थकलेले. थोरले डोळे पुसत माझ्याजवळ येऊन म्हणाले, "फार मोठ्या मनाची होती. जन्मात कधी काही मागितलं नाही आमच्याकडे."

अशा वेळी मान डोलवायची असते, हे मलाही कळतं. मी डोलवली नाही.

"तुम्ही कधी विचारलं होतं?" मी म्हणालो.