निळी नळी

"दोन दिवस भात सोड, भाऊ. मंग निळीच येते," बाहेरच्या बाकावर पारबताबाई एका नव्या पेशंटला सांगत होती. ती माझी जुनी पेशंट.

आत मी चिमट्यात नळी धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवत होते. हात तसाच राहिला.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. तुमसरच्या एका दवाखान्यात मी नवीन डॉक्टर होते. रक्तातली साखर तपासायला पेशंटला भंडाऱ्याला जावं लागे. आमच्याकडे फक्त लघवीची तपासणी. निळ्या औषधात आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं झालं तर आहे. विटकरी झालं तर भरपूर. पेशंट म्हणत, निळी आली, लाल आली. शाळेचा निकाल सांगावा तसं.

गेले काही महिने माझ्या मधुमेहाच्या पेशंटांची निळीच येत होती. "व्हेरी गुड, तुझे पेशंट शिस्तीचे आहेत," मोठे डॉक्टर म्हणाले होते. मला बरं वाटलं होतं.

हातातली नळी सखारामजींची होती. तीही निळी. ते राइस मिलमध्ये वाफवलेलं धान सुकवायला फरशीवर पायांनी फिरवत. चपला बाहेर काढून ते आत आले. लंगडत नव्हते. पण उजव्या पावलाचा ठसा दर पावलाला ओला उमटत होता.

"पाय दाखवा."

"पायाले काय झालं? साखर पाहा नं, बाई."

अंगठ्याखाली चार आण्याएवढी जखम. आत धानाचा कोंडा.

"दुखत नाही?"

"नाही. पहिले तळवे जळजळत. आता काईच नाही लागत. मले वाटलं, बरा होऊन राहिलो."

मधुमेहात पायाच्या नसा मरतात, म्हणून जळजळ थांबते. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला बाकावर हसत. मी लिहायचे जास्त, बोलायचे कमी.

"भात कधी सोडला?"

"परवा. लाल आली का तुमचं तोंड पडते, बाई. कायले तरास द्यावा तुमाले?"

मोठ्या डॉक्टरांना पाय दाखवला.

"नागपूरला पाठव. आणि लेक्चर देत बसू नकोस, लाइन मोठी आहे."

नागपूरला अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाय वाचला. दीड-दोन महिन्यांनी सखारामजी काठी टेकत आले. नळी निळी.

"भात?"

"परवा सोडला नं."

रागही आला नाही. परीक्षा आम्हीच मांडून ठेवली होती. ते पास होत होते, एवढंच.

नळी स्टँडला लावून मी बाहेर गेले. पारबताबाईने सरकून जागा केली. मी बसले नाही. आवाज चिरकला, पण निघाला.

"रोज खाता तसा भात खाऊन या. लाल आली तर येऊ द्या, मी तोंड पाडणार नाही. आणि नळीच्या आधी पाय दाखवायचे."