यारीवरचा माणूस

भीमा गेला तेव्हापासून शांतवननं प्रभुभोजन घेतलं नव्हतं.

त्यांच्या ख्रिस्ती वस्तीतलं उपासना मंदिर म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं भाकरीचे तुकडे फिरतात, मग मनुका भिजवून काढलेल्या रसाचे छोटे पेले. मी शेतकऱ्याच्या घरचा, हिंदू. शांतवन माझा शाळेपासूनचा दोस्त, म्हणून कधी कधी जाऊन दारापाशी बसायचो. पेल्यांचं ताट घेऊन मंडळीचा पंच फिरायचा. तो पंच म्हणजे रंगनाथ मुकादम. तो ओळीनं यायचा. शांतवनपाशी आला की शांतवन दोन्ही हात मांडीखाली घालायचा. रंगनाथ जरा थांबायचा. मग ताट पुढं जायचं.

पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "किती दिवस बाबा?"

"मनात खून हाय, साहेब," शांतवन म्हणाला. "तसल्या मनानं प्यायचं न्हाई, हे तुमीच शिकवलंय."

पाळकसाहेबांना वाटलं, पोरगं दुःखानं बोलतंय. मलाही तसंच वाटलं.

जामखेडच्या बाजूला खडक वर आहे आणि पाणी खोल आहे. विहीर खणायची तर सुरुंग लावावा लागतो. त्या वस्तीतली बरीच माणसं हेच काम करायची. शांतवन आणि त्याचा धाकटा भाऊ भीमा रंगनाथच्या टोळीत होते. रंगनाथ त्यांच्या आईचा, गोजरबाईचा, दूरचा भाऊ. म्हणून दोघं त्याला मामा म्हणायचे.

विहिरीच्या काठावर लोखंडी यारी उभी करतात. आडव्या दांड्याला दोन बाजूंना दोन हँडलं. दोन माणसांनी फिरवलं की दोर गुंडाळला जातो आणि खालची मोठी बादली वर येते. दगडही तिच्यातूनच वर येतात, माणसंही. सगळे वर आले की एकजण पुन्हा खाली उतरतो. तो वात पेटवतो, बादलीत बसतो आणि हाक देतो. मग वरच्यांनी हात थांबवायचा नाही.

या टोळ्यांत एक रीत आहे. वात पेटवणारा खाली उतरण्याआधी यारीवरचा माणूस विडी पेटवतो. स्वतः एक झुरका घेतो आणि ती उतरणाऱ्याच्या हातात देतो. त्याच विडीनं खाली वात पेटवायची. ज्यानं विडी दिली त्यानंच वर घ्यायचं. त्याच्याशिवाय दुसऱ्यानं त्या हँडलला हात लावायचा नाही. पोटात दुखलं तरी त्यानं जागा सोडायची नाही.

भीमाला विडी रंगनाथनं दिली होती. भीमा खाली गेला. तेवढ्यात विहिरीच्या मालकानं चहाला हाक मारली. रंगनाथ "आलोच" म्हणून हँडल सोडून गेला. भीमाला वरचं काय दिसणार? त्यानं वात पेटवली, बादलीत बसला आणि हाक दिली. दुसऱ्या हँडलवरच्या गड्याला एकट्याला बादली ओढेना. तो घाबरून पळाला. शांतवन लांब बांधावर दगड टाकत होता. तो धावत आला. त्यानं हँडल धरलं. बादली निम्म्यावर आली होती तेव्हा बार उडाला.

रंगनाथनं पोलीसपाटलाला सांगितलं, पोरानं वात आखूड कापली. सांगून ऐकत नव्हतं. पळालेला गडी ऊसतोडीला गेला तो परत आला नाही. मालकाला आपल्या चहाचं नाव नको होतं. शांतवनचं कोण ऐकणार? भाऊच तो. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली की तरुणांना सावधपणा दे. गोजरबाई तिथंच उठून घरी गेली.

"मेला ते मेला," ती म्हणायची, "वर येडाबी ठरला माझा ल्योक."

शांतवननं टोळी सोडली नाही. लोकांना नवल वाटलं. रंगनाथनं बहुधा ती माफी समजली. पण शांतवन त्याला मामा म्हणेनासा झाला. फक्त मुकादम. मला तो एकदा म्हणाला, "एक दिवस त्यो खाली असल आन् मी वर. तेवढ्यासाठी ऱ्हायलोय." मी नगरहून बी. ए. होऊन आलो होतो. असली वाक्यं मी पुस्तकांत वाचली होती. मी मान हलवली आणि विसरलो.

गोजरबाई म्हणायची, "नाव शांतवन ठिवलं मिशनच्या बाईनं. आन् डोस्क्यात बघा, चूल."

मग बहात्तरचं साल आलं आणि पाऊस आलाच नाही. पुढचा उन्हाळा तर बघवत नव्हता. आमच्या विहिरीवर दोन्ही वस्त्या पाणी भरायच्या. ती आटली तेव्हा माझ्या वडिलांनी, आण्णांनी, रंगनाथला बोलावलं. अजून दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, खाली जायचं ठरलं. टोळी मोडकी होती. निम्मी माणसं सरकारी रस्त्यावर खडी फोडायला गेली होती. मला नोकरी नव्हती. मी हँडलवर उभा राहिलो.

"बीए, दोर हाय त्यो," शांतवन म्हणायचा. "त्याला उपमा देऊ नको, वढ."

त्या दिवशी वात पेटवणारा गडी तापानं पडला. सुरुंगाची भोकं भरून झाली होती. बार तसाच ठेवता येत नव्हता. खाली उतरायला जाणतं माणूस हवं होतं. रंगनाथ होता आणि शांतवन होता.

"मी जातो," शांतवन म्हणाला. "इडी द्या, मुकादम."

रंगनाथच्या खिशात विडी होती. हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. भीमानंतर त्यानं कुणाला विडी दिली नव्हती.

"नको," तो म्हणाला. "मी उतरतो."

"मग मी देतो," शांतवन म्हणाला.

बायका हंडे घेऊन लिंबाखाली बसल्या होत्या. टोळी बघत होती. रंगनाथनं नको म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. शांतवननं विडी पेटवली. एक झुरका घेतला. विडी रंगनाथच्या हातात ठेवली.

"सावकाश उतरा," तो म्हणाला. इतकं गोड तो कधी बोलत नव्हता.

आम्ही बादली सोडली. सगळे बांधाच्या मागं गेले. काठावर आम्ही दोघंच. आभाळ धुरळ्यानं मळकट झालं होतं. सावलीसुद्धा पडत नव्हती. खालून हाक आली.

"पेटली! वढा!"

मी हँडल दाबलं. ते हललं नाही. मला वाटलं, दोर अडकला. मी पुन्हा जोर लावला. मग मी पलीकडं पाहिलं. शांतवन हँडलवर सगळं अंग टाकून उभा होता. खाली बघत होता. हसत नव्हता. रागात नव्हता. पोटभर जेवलेल्या माणसासारखा दिसत होता.

"शांतवन," मी म्हणालो. "अरे, शांतवन."

"आरं वढा!" खालून आवाज आला. "वढा रं!"

"च्या पिऊन येतो, मुकादम," शांतवन खाली वाकून म्हणाला.

खाली एकदम शांत झालं. मग रंगनाथ ओरडायला लागला. शब्द नव्हते त्यात. मी हँडलला लोंबकळलो. दोन्ही हँडलं एकाच दांड्याची. शांतवनचं वजन माझ्यापेक्षा जास्त. मी त्याला शिवी दिली. आईची शपथ घातली. विहिरीतून धुराची बारीक रेघ वर येत होती.

आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं डोळे मिटले, जसे अचानक उजेडात आलं की मिटतात. मान मागं गेली. तोंडातून 'अगं आई' असा बारीक आवाज आला. मी खाली पाहिलं. मला धूर दिसला, बादली दिसली, रंगनाथचं टक्कल दिसलं. दुसरं काही दिसलं नाही.

माझं हँडल फिरलं.

तो डोळे मिटूनच फिरवत होता. मला त्याचा वेग झेपत नव्हता. रंगनाथ काठावर आला. त्याला आम्ही बखोटीला धरून बांधाकडं ओढत नेलं. आम्ही पालथे पडलो आणि बार उडाला. लिंबावर दगडांचा पाऊस पडला.

रंगनाथचं धोतर ओलं झालं होतं. तो बसून शांतवनकडं बघत राहिला.

"लई येळ लावलास," तो म्हणाला.

"भीमालाबी असंच वाटलं असल," शांतवन म्हणाला.

मग तो तिथून उठून चालायला लागला. मी मागं गेलो. ओढ्याच्या कोरड्या वाळूत तो बसला. मीही बसलो.

"काय झालं तुला?" मी विचारलं.

"उजेड झाला."

"कुठं?"

"आदी हिरीत. मला वाटलं, बार उडाला. पन आवाज न्हाई. खडक समदा पांढरा झाला, दुधावानी. डोळं मिटलं तर आतबी त्योच." त्यानं छातीवर बोट ठेवलं. "हितं. घरात कंदील आनल्यावर कसं समदं दिसतं? कोपरं, जळमटं, पाली? तसं मला माझं दिसलं. भीमा गेल्यापून आत काय काय साठवलंय ते. बीए, भीमा न्हवता रं तितं. मला वाटायचं, हे समदं भीमासाठी करतोय. भीमा कुठंच न्हवता. निसता मी. समद्या कोपऱ्यात मीच."

"तुला कोण दिसलं? प्रभू?"

"मला न्हाई दिसला. त्याला मी दिसलो."

त्यानं मूठभर वाळू घेतली आणि समोर फेकली, जोरात, कुणाच्या तरी तोंडावर फेकावी तशी.

"लई सुंदर हुतं ते," तो म्हणाला. "आन् मला त्याचा राग आलाय. इतकी वरसं थांबलो. घास तोंडापतूर आला. आन् त्यानं तोंडातनं काढून घेतला. माझा घास."

"म्हणजे राग गेला नाही?"

"जाळ हाय की. जाळ कुठं जातोय? पन आता उजेडात हाय. लपत न्हाई."

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. मी दारापाशी बसलो. रंगनाथ नेहमीसारखा ताट घेऊन निघाला. चार दिवसांत तो म्हातारा झाला होता. यारीवर काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगता येतच नव्हतं. सांगायला लागला असता तर चहापर्यंत जावं लागलं असतं.

शांतवनपाशी आला आणि सवयीनं पुढं सरकला. शांतवननं त्याचं मनगट धरलं. पेले किणकिणले.

"आज घेनार हाय," तो म्हणाला. "पन आदी सांगा."

"काय सांगू?"

"वात."

पाळकसाहेब पुढं आले. "शांतवन, ही ती जागा नव्हे."

"मग कंची जागा, साहेब? हीर? तितंबी इच्यारलं असतं, पन येळ न्हवता."

रंगनाथच्या हातातलं ताट कलंडलं. रस पेल्यांतून ताटात सांडला. तो ताटाकडं बघूनच बोलला.

"वात आखूड न्हवती. मी च्याला गेल्तो."

पुढच्या ओळीत गोजरबाई बसली होती. ती वळली नाही.

"परत सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं. मागं दाराला ऐकू जाऊ दे."

"भीमाची चूक न्हवती!" रंगनाथ ओरडला. "मी जागा सोडली! मी खोटं बोललो!"

गोजरबाईनं मागं न बघता हात लांब केला. रंगनाथनं तिच्या हातात पेला दिला. तिनं तो प्यायला आणि उपडा करून बाकावर ठेवला. मग शांतवननं मनगट सोडलं, पेला उचलला आणि पिऊन टाकला. तोंड कडू झाल्यासारखं केलं.

सोमवारी रंगनाथ कामावर आला नाही. भोकं भरून तयार होती. शांतवन त्याच्या घरी गेला. मला वाटलं, विहिरीत राहिलं ते आता करतोय. थोड्या वेळानं दोघं येताना दिसले. शांतवन पुढं, रंगनाथ मागं, वासरासारखा.

"इडी द्या," शांतवन म्हणाला.

"दुसऱ्याला सांग, पोरा. माझ्या हातानं नको."

"तुमच्याच हातानं."

रंगनाथच्या काड्या मोडत होत्या. आण्णा त्याच्या हातातून पेटी घ्यायला पुढं झाले. शांतवननं त्यांना थांबवलं. शेवटी विडी पेटली. रंगनाथनं झुरका घेतला आणि ती पुढं केली. शांतवननं ती घेतली, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि बादलीत पाय टाकला.

दुसऱ्या हँडलवर मी होतो. बादली खाली टेकली. आम्ही वाट बघत उभे राहिलो. रंगनाथनं हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी झाली होती.

"पेटली, मामा!" खालून हाक आली. इतक्या दिवसांनी मामा. "आता जा च्याला!"

रंगनाथच्या घशातून हुंदका आला आणि त्यानं हँडल फिरवलं. मी फक्त धरून होतो. त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं बादली वर आणली असती. वर येईपर्यंत त्याच्या तळव्यांची साल निघाली होती. शांतवन बादलीत आरामात बसून आला. चेहरा शांत होता. डोळे मात्र रंगनाथच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते.

बार उडाल्यावर आम्ही बांधामागून उठलो. मी त्याला विचारलं, "म्हणजे माफ केलंस?"

तो अंगावरची माती झटकत होता.

"रोज मला वर काढायचं त्यानं," तो म्हणाला. "पानी लागंस्तवर. रोज इडी द्यायची, रोज हाक ऐकायची. मला ह्यो एवढाच सूड ठिवलाय. बाकीचा नेला."

"कुणी ठेवलाय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, जसं मूर्खाकडं बघतात.

रंगनाथ यारीपाशीच उभा होता. फडक्यानं हात बांधत होता. शांतवन त्याच्याकडं गेला, त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि गाठ मारून दिली. जरा जास्तच घट्ट मारली. रंगनाथ कळवळला.

"उद्या येळंवर या, मामा," शांतवन म्हणाला.

आमच्या विहिरीला पाणी लागायला अजून बरेच बार बाकी होते.