देवक वेगळं, रक्त एकच

माझं तोंड फटकळ हाय, सगळ्या वाडीला माहीत हाय. पण शेजारच्या ठकूबाईचं सांगताना जीभ आवरायची तरी कशाला?

ठकूबाईला दिली सख्ख्या आतेभावाला, मुरारीला. "देवक वेगळं, मंग रक्तपण वेगळं," म्हणे! डोंबलाचं वेगळं! तिचा बाप आन् सासू सुंदराबाई एका आईची पोरं. पयला मुलगा ओम जन्मापासून ठार बहिरा. खापर फुटलं ठकूबाईच्या डोक्यावर. पोटुशी असताना ग्रहणात विळा धरलास, म्हणाली सासू. चोवीस वरसं म्हणत राहिली, आन् ही ऐकत राहिली. मला तिचापण राग यायचा.

मागच्या साली ओमच्या अपंगाच्या दाखल्यासाठी मी तिच्यासंगं महाडला गेले. डॉक्टरीणबाईंनी नातं विचारलं आन् समजावलं. एकाच आजा-आजीकडून आलेली खोट नवराबायको दोघांत लपून असू शकते. दोघांकडून मिळाली, की पोरात उघडी पडते. दर पोराला होतंच असं नाय, पण नात्यातल्या लग्नात धोका वाढतो.

"मंग विळ्याचं काय?" ठकूबाईनं विचारलं.

"विळ्याचा काय संबंध?" बाई म्हणाल्या. पोलादपूर येईस्तोवर ती एस्टीत रडत होती.

आन् ह्या मे महिन्यात काय? सासूनं आपल्या लेकीच्या पोरासाठी, रितेशसाठी, सलोनी मागितली, ओमची धाकटी बहीण. "मामाच्या पोरीवर आमचाच हक्क!" देवक बघितलं, पत्रिका बघितली. सलोनी नको म्हणाली, तिला कोण विचारतो? पाव्हणे जमले. सुपारी फोडायला मुरारीनं अडकित्ता उचलला.

ठकूबाईनं त्याचा हात धरला. "आत्या, ओम अंगणात पाठमोरा बसलाय. हाक मार त्याला. वळला तर फोडा सुपारी."

"सलोनीला ऐकू येतं की गो!" नणंद म्हणाली.

"तिला येतं. तिच्या पोरांना येईल, लिहून देतेस?"

सुंदराबाई हट्टी. "ओम्या रे!" तीनदा ओरडली. खालच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. ओम आपला खाली मान घालून दोरी वळत होता.

मुरारीनं अडकित्ता ठेवला, अख्खी सुपारी पाव्हण्यांच्या हातात परत दिली. "आये," तो म्हणाला, "विळ्याचं नाव परत काढू नको."

"चोवीस वरसं ही जीभ कुठं होती रे तुझी?" मी भरल्या घरात विचारलं.