मगरीची भावकी

डब्यातली कोंबडीची तंगडी वर धरून सर विचारायचे, "ही मगरीची कोण?" आम्ही तोंडातला घास तसाच ठेवून थांबायचो. "भावकी!" उत्तरही स्वतःच द्यायचे. "आणि पाल? नुसती शेजारीण!" मग तंगडी तोडायचे. नातं काढल्याशिवाय त्यांना रश्श्याची चव लागत नसे.

बेळगावच्या एका कॉलेजात आम्ही दोघं प्राणिशास्त्र शिकवायचो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून. सर हिंडलग्याचे, माझ्याहून बरेच मोठे. जनुकांच्या धड्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "तोंडावरनं नातं ठरवू नगंस रं," मला सांगायचे. "पाल मगरीसारखी दिसती, पण जनुकं बघितलीस तर पाखरंच जवळची. पूर्वज एकच. पाखरांची जनुकं भराभर बदलली, मगरीची लई सावकाश. कोट्यवधी वर्षं गेली, पण बाई तशीच!" हे सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, की मगरीनं यांनाच विचारून न बदलायचं ठरवलं असावं.

असा हा नात्यांचा महापंडित सख्ख्या भावाशी आठ वर्षं बोलत नव्हता. धाकटा भाऊ निपाणीला. त्याच्या थोरल्या मुलीचं सासर गोकाककडचं, म्हणून त्यानं लग्नपत्रिका कन्नडमध्ये छापली. सरांना कन्नड येत नव्हतं असं समजू नका, उत्तम येत होतं. पत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका त्यांनी लाल शाईनं सुधारल्या आणि पत्रिका परत पाठवली. लग्नाला गेले नाहीत.

"सर, मगर-कोंबडी एक आणि तुम्ही भाऊ-भाऊ दोन?" एकदा मी चिडून विचारलं.

"तू शेजारी हाईस, शेजाऱ्यागत ऱ्हा."

दोन दिवस मला लोणच्याची फोडही मिळाली नाही. पण निपाणीचा विद्यार्थी दिसला की सर हळूच विचारायचे, "तिकडं समदं बरं हाय न्हवं?"

गेल्या वर्षी सर अचानक गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. निपाणीला फोन मीच केला, चाचरत. "सर गेले. तुम्ही... याल का?"

"इचारताय काय? भाऊ हाय माझा!" भाऊ रडतच ओरडला. दोन तासांत तो दारात होता.

दहाव्याला मार्कंडेय नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर बसून राहिला. "वहिनीला संभाळतो," भाऊ म्हणाला. कावळा हलेना. मीही पुढं सरसावलो, "सर, जनुकांचा धडा तुमच्यासारखाच शिकवीन." कावळ्यानं मान फिरवली. बहुधा विश्वास बसला नसावा.

भावानं पुन्हा हात जोडले. "अण्णा, धाकटीची पत्रिका दोन्ही भाषांत छापतो."

कावळ्यानं नुसते पंख झाडले.

"बरं बाबा," भाऊ डोळे पुसत म्हणाला, "मराठी वर, कन्नड खाली."

कावळा सरळ पिंडावर उतरला.

सगळे रडता रडता हसले. काय म्हणावं या माणसाला! मेल्यावरही तसूभर बदलायला तयार नाही. कावळा म्हणजे पाखरू, पाखरू म्हणजे मगरीची भावकी, हे मला तिथं आठवलं आणि माझा बांध फुटला.

टेबलापलीकडची खुर्ची आता रिकामी असते. सुतक भावकीला असतं, शेजाऱ्याला नसतं. सरांच्या हिशेबानं मी पाल. तरी तेरा दिवस मी कोंबडीला हात लावला नाही.